बद्रीनाथभाऊंचा डावा डोळा

आमच्या शाळेच्या भिंतींवर एकही सुविचार लिहिलेला नाही. नव्या माणसाला ते आधी खटकतं. जालना रोडवरून करमाडच्या अलीकडे आत वळलं की बाभळींच्या रांगेमागे पत्र्याच्या छपराच्या बुटक्या खोल्या दिसतात, चुन्याने रंगवलेल्या, कोऱ्या. शाळा काढली तेव्हा रंगाऱ्याने सर्जेराव सरांना विचारलं होतं म्हणे, कुठलं वाक्य कुठं लिहू. सर म्हणाले, "लिहू नको. लिहिलं की पोरं वाचतात आणि पुढं जातात."

त्याऐवजी त्यांनी परिपाठाच्या शेवटी एक रीत घातली. प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका झाली की सर खुर्ची ओढून मुलांसमोर बसतात. ज्याला आपलं काही चुकलेलं, लपवलेलं, मनात टोचत असलेलं बोलून टाकायचं असेल त्याने पुढे यायचं. त्याचं बोलून झालं की सर म्हणतात, "ऐकलं." मग सगळी शाळा म्हणते, "ऐकलं." एवढंच. शिक्षा नाही, उपदेश नाही, आणि सांगितलेली गोष्ट पुन्हा कुणी उकरून काढायची नाही. याला शाळेत नुसतं 'सांगणं' म्हणतात. सर बौद्ध. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील त्यांनी कुणाला पाठ करायला लावलं नाही, रोजच्या वेळापत्रकात बसवलं.

मराठी शिकवायला मी इथे रुजू झाले तेव्हा ही रीत मला जरा नाटकी वाटली होती. मग सवय झाली. शिवम पुढे येऊन म्हणायचा, "काल सत्यमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी खाल्ली." सत्यम मागून म्हणायचा, "अन् मी मांजरीला दगड मारला ना बे." सगळे हसायचे, सरसुद्धा. कधी कुणी शिक्षकही उठायचे, काल धडा न वाचताच वर्गावर गेलो म्हणून सांगायचे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मुलांना विचारलं होतं, "रोज येता ना रे सगळे?" पहिल्या रांगेतून उत्तर आलं, "नाय सर, कापूस वेचायला लागला की आम्ही येत नसतो." साहेबांनी सर्जेराव सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

या शाळेने घडवलेला माणूस दाखव, असं मला कुणी म्हटलं असतं, तर मी शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे बोट केलं असतं.

बद्रीनाथभाऊ करमाडचे, शेतकरी घरातले, याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेले. ते लहान असताना सर घरोघर फिरून मुलं गोळा करायचे. बद्रीनाथच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या आईने, वच्छलाबाईंनी, सरांना चहा दिला तो गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपातून. सर काही बोलले नाहीत. चहा प्यायले आणि पोराला शाळेत घेऊन आले. पुढे कधीतरी बद्रीनाथ सांगण्याच्या वेळी उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी तुमच्यासाठी वेगळा कप हाय. तो आम्ही आत घेत नसतो." सर म्हणाले, "ऐकलं." बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचली आणि बद्रीनाथने वडिलांचा मार खाल्ला.

भाऊ ही गोष्ट हसत सांगायचे. "घरी लई बडवलं बाई, पण शाळेत कुणी ब्र काढला नाय. तवाच ठरवलं, आपली जागा इथंच." दहावीनंतर काही वर्षं ट्रक चालवून ते खरंच इथे परत आले, शाळेची गाडी चालवायला.

त्यांची गाडी म्हणजे फिरती शाळाच होती. सकाळी करमाडहून रिकामी निघायची, चिकलठाण्यापासून मुलं घेत कुंभेफळ, शेंद्रा करत परत यायची. मी शहरातल्या गुलमंडीहून सिटी बसने चिकलठाण्याला यायचे आणि तिथून त्यांच्या गाडीत. कुणाचं लेकरू अजून आलं नसेल तर भाऊ हॉर्न वाजवायचे नाहीत. खाली उतरून दारापर्यंत जायचे. उशीर झाला तर शाळेत स्वतःच सांगायचे, "आज मीच चहाला थांबलो व्हतो." थांबलेले असायचेच.

त्यांच्या डाव्या बाजूच्या सीटवर त्यांची मुलगी प्रेरणा बसायची. सहावीतली, दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं. ती सबंध रस्ताभर बोलायची, पण गप्पा नाही. "डावीकडं सायकल. डावीकडं म्हातारी हाय. आता मोकळं." मुलं तिला 'कंडक्टर' म्हणून चिडवायची. तीही कधी कधी "चला पुढं सरका" म्हणून त्यांना हसवायची. आम्हाला सगळ्यांना तो बापलेकीचा खेळ वाटायचा.

हिवाळ्यात प्रेरणाला ताप आला आणि ती काही दिवस घरी राहिली. त्यातल्या एका सकाळी चिकलठाण्यात गाडी पेरूच्या हातगाडीला घासून गेली. हातगाडी डावीकडून वळत होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पेरू रस्त्यावर घरंगळले, भाऊंनी उतरून हातगाडीवाल्याची माफी मागितली, सगळे पेरू विकत घेतले आणि मुलांना वाटले. मुलांना ती सहलच वाटली. भाऊ मात्र गाडी सुरू करायच्या आधी स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून होते.

प्रेरणा बरी होऊन आली त्या दिवशी मुलांनी तिला हसत हसत पेरूंची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर ती पुढे आली.

"माझ्या बाबांना डाव्या डोळ्यानं दिसत नाय," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, गाडीतल्यासारखा. "डॉक्टर म्हणले काचबिंदू हाय. गेलेली नजर परत येत नसती. बाबा म्हणले, तू डावीकडं बघत जा आणि कोणाला सांगू नको. मी दुसरीपासून... नाय, चौथीपासून बघते. मला गाडीत झोप येते तरी मी झोपत नाय. मी आजारी होते तवा पेरूची गाडी धडकली. मला भीती वाटते."

मैदानाच्या टोकाला भाऊ उभे होते. गाडी लावून झाली की परिपाठाला तिथे उभं राहायचं, ही त्यांची शाळकरी दिवसांपासूनची जागा. त्यांच्या हातात काच पुसायचं फडकं होतं.

सरांनी एका शब्दाला गेल्या कित्येक वर्षांत इतका वेळ घेतला नसावा. मग म्हणाले, "ऐकलं."

"ऐकलं," शाळा म्हणाली. मुलांच्या त्या बारीक आवाजांत मागून एक जाड आवाज मिसळला. तो बद्रीनाथभाऊंचा होता. सवयीने आलेला.

प्रेरणा जागेवर जाऊन बसली. खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखी तिची मान सैल झाली होती. तिच्यापुरतं ते तिथेच संपलं होतं.

ऑफिसात मात्र संपेना. मुख्याध्यापिका विशाखा मॅडम सरांच्या सूनबाई. शाळेचा सगळा कारभार आता त्याच बघतात. त्यांनी मला आणि भाऊंना बोलावलं. सर खिडकीशी बसले होते. भाऊ दाराशीच उभे राहिले.

"बसा भाऊ," मॅडम म्हणाल्या.

"नाय, उभाच बरा हाय. दुपारच्या फेरीआधी डिझेल टाकायचंय."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुपारची फेरी तुम्ही नाही करायची."

भाऊंना ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मॅडमशी बोलले नाहीत, सरळ सरांकडे वळले. "सर, सांगितलेलं पुन्हा काढायचं नसतं ना?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आपल्या शाळेत सांगणाऱ्याला शिक्षा नसते. मी लहानाचा मोठा झालो इथं. वेगळ्या कपाचं सांगितलं तवा तुम्ही घरी येनं सोडलं का? नाय सोडलं. मग आता?"

"सांगणाऱ्याला शिक्षा नाहीच, बद्री," सर म्हणाले. "पोरीला कुणी काही बोलणार नाही. पण तू कुठं सांगितलंस?"

भाऊंनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मागच्या अंगणात कुणीतरी हापसा हापसत होतं.

"मी सांगितलं असतं," भाऊ म्हणाले, "रोज वाटायचं, उद्या सांगू. पण मग गाडी कोणी ठेवली असती माझ्याकडं? मी सांगितलं असतं तर ठेवली असती का सर? खरं सांगा."

सर खोटं बोलू शकत नव्हते. "नसती ठेवली," ते म्हणाले.

"मग?"

मला वाटलं होतं सर काहीतरी म्हणतील, आयुष्यभर त्यांनी ज्याचा विचार केला त्यातलं काहीतरी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मॅडमनी टेबलावर हात पुढे केला. भाऊंनी किल्ली काढून त्या हातावर ठेवली. त्या किल्लीला प्रेरणाने लोकरीचा गोंडा बांधलेला होता. किल्ली देण्याआधी तो सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि आम्ही तिघांनी तोंड फिरवलं.

दुपारी मुलांना न्यायला गाडी नव्हती. मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला तेव्हा कारण लिहिलं नाही, पण कारण पोरांच्या तोंडून आधीच निघालं होतं. पालक मोटरसायकलींवर आले. कंपनीतून सुट्टी टाकून आलेले राजेंद्र नावाचे एक पालक फाटकातच ओरडले, "आमची लेकरं आंधळ्याच्या हवाली केली व्हय तुम्ही? अन् वर खरं बोलायची शाळा म्हणून मिरवता?"

मॅडम म्हणाल्या, "आम्हालाही आजच कळलं."

"पोरीनं सांगितलं म्हणून. नायतर कधी कळणार होतं, लेकरं गेल्यावर?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. भाऊ कडुनिंबाखाली बसून ऐकत होते. राजेंद्र त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, काहीतरी तोडून बोलायला म्हणूनच. पण रोज आपल्या लेकराला दारापर्यंत येऊन हाताला धरून नेणारा माणूस समोर पाहिल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "काय राव बद्रीभाऊ," एवढंच म्हणाले आणि मुलाला घेऊन निघून गेले.

संध्याकाळी मी भाऊंच्या घरी गेले. त्यांची बायको दीपमाला शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते. ती अजून आली नव्हती. प्रेरणा ओट्यावर पाटी पुसावी तशी एकच फरशी पुसत बसली होती. वच्छलाबाई आतून बाहेर आल्या. आता त्या वाकल्यात, पण जिभेला धार आहे.

"या बाई. शाळेनं पाठवलं का बघायला, घर अजून उभं हाय का म्हून?"

"आई, राहू दे," भाऊ म्हणाले.

"का राहू देऊ? तुला बडवला तवाच तुझा बाप म्हनला व्हता, या शाळंत जाऊ नको. तू ऐकलं न्हाय. पोरीलाबी तिथंच घातली. आता शाळेनं शिकवलं खरं बोलायला, तर शाळेनंच घालावं खायला."

"शाळा काम देणार आहे," मी म्हटलं. "फाटकावर. मॅडम म्हणाल्यात."

"फाटकावर बसून काय करायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, या, मी लेकीच्या डोळ्यानं गाडी चालवत व्हतो?"

प्रेरणाने फडकं खाली ठेवलं. "आजी, सांगितलेलं पुन्हा काढायचं नसतं," ती म्हणाली.

"तुझ्या शाळंत," म्हातारी म्हणाली. "ही माझी उंबरठ्याच्या आतली जागा हाय."

प्रेरणाने बापाकडे पाहिलं. भाऊंनी हसण्याचा प्रयत्न केला, पण ते तिच्या डाव्या बाजूला बघत होते की तिच्याकडे, तेच कळेना.

त्यानंतर नवा ड्रायव्हर आला. शहरातल्या एका एजन्सीचा, तरुण, नीट गाडी चालवणारा. तो मुलांशी बोलत नाही आणि दारापर्यंत जात नाही. हॉर्न वाजवतो. प्रेरणा आता मागच्या सीटवर बसते. तिला झोपायला हरकत नाही, पण ती झोपत नाही. पहिल्या काही दिवसांत एका वळणावर तिचे ओठ हललेले मी पाहिले. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "क्या बोल रही?" ती म्हणाली, "कुछ नही."

भाऊ फाटकावर बसू लागले. खुर्ची डाव्या खांबाला टेकवलेली, म्हणजे सगळं त्यांच्या उजव्या, चांगल्या डोळ्यासमोर. गाडी आत येताना ते उठून बाजूला होतात. टायरात हवा कमी असली तर त्यांना आवाजावरून कळतं, पण ते सांगत नाहीत. एकदा मला म्हणाले, "बाई, प्रेरणा तुमच्याशी बोलते का काही?"

"अभ्यासाचं बोलते."

"माझ्याशी तेवढंबी नाय. मी रागावलो नाय तिच्यावर. किती येळा सांगितलं. पण ती मला पानी देती अन् निघून जाती. मोठ्या बाईसारखी."

त्या काळात मला रोज काहीतरी सुचवावंसं वाटायचं आणि दरवेळी समोरच्याकडे ते आधीच करून झालेलं असायचं.

शाळेत मात्र एक गोष्ट हळूहळू घडत होती. सांगण्याला मुलं पुढे येईनाशी झाली. कुणी ठरवलं नव्हतं. सर खुर्ची ओढून बसायचे. वाट बघायचे. पहिल्या रांगेतली मुलं पायाच्या अंगठ्याने मातीत रेघा ओढायची. मग घंटा व्हायची. शिवमने एकदा वर्गात मला विचारलं, "बाई, आमचे पप्पा रात्री ट्रॅक्टर चालवतात. त्यांना डुलकी येती. हे सांगायचं असतं का नसतं?" मी म्हटलं, पप्पांना सांग. तो म्हणाला, "त्यांना माहितीय की." बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. फळ्यावर अर्धवट लिहिलेली कवितेची ओळ मी तशीच पूर्ण केली.

मॅडमनी एकदा सरांना सुचवून पाहिलं की आता हा भाग परिपाठातून काढून टाकावा. सर म्हणाले, "थांबू थोडं." ते थांबत होते. त्यांचं वय झालंय, सकाळच्या उन्हातसुद्धा त्यांच्या खांद्यावर शाल असते. कुणीच आलं नाही तरी ते शेवटपर्यंत बसून राहायचे, एक कान पुढे करून.

आणि एके दिवशी प्रेरणा पुढे आली.

मुलं एकदम ताठ बसली. सरांचा चेहरा उजळला, ते मी स्पष्ट पाहिलं. ते जरा पुढे वाकले.

"मी मागे सांगितलं ते खोटं होतं," प्रेरणा म्हणाली. "माझ्या बाबांना दिसतं. दोन्ही डोळ्यांनी. मला पुढच्या सीटवरून काढू नये म्हणून मी असं सांगितलं. बाबांची काही चूक नाही."

तिने ते पाठ केलं होतं. प्रमाण भाषेत, मी शिकवते तशा पूर्ण वाक्यांत. हात शिवणीला टेकवून ती सरांकडे बघत उभी राहिली, उत्तराची वाट बघत. तिला ठाऊक होतं की इथे सांगितलेल्याला काय उत्तर मिळतं. तेच घ्यायला ती आली होती.

सरांचं तोंड थोडं उघडलं आणि तसंच राहिलं. 'ऐकलं' हा शब्द उच्चारला असता तर शाळेने पहिल्यांदा समोरासमोर खोटं स्वीकारलं असतं. नसता उच्चारला तर पहिल्यांदाच एक सांगणारं मूल उत्तराविना परत गेलं असतं. विशाखा मॅडमनी माझा हात धरला. आम्ही दोघीही पुढे गेलो नाही.

फाटकाकडून पावलं वाजली. भाऊ मैदानातून चालत आले, मुलांच्या रांगांमधून, डाव्या बाजूला बसलेल्या एका पोरीच्या दप्तराला अडखळत. ते सरांसमोर थांबले नाहीत, मुलीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"पोरगी खोटं बोलली," ते म्हणाले. "मला दिसत नाय. मीच तिला लपवायला लावलं व्हतं. आधी ती खरं बोलली व्हती. आता खोटं बोलली."

इतक्या वर्षांत ते मोठेपणी पहिल्यांदाच परिपाठात पुढे येऊन सांगत होते, आणि जे सांगायचं ते सगळ्या शाळेसमोर लेकीला खोटी ठरवूनच सांगावं लागत होतं.

प्रेरणाने वर पाहिलं. बापाने आपलं ऐकायला हवं होतं, एवढंच त्या नजरेत होतं. राग नव्हता. मग ती वळली आणि रांगेत न बसता सरळ वर्गाकडे चालू लागली. भाऊंनी तिच्यासाठी हात पुढे केला होता, पण ती त्यांच्या डाव्या बाजूने गेली, आणि ते हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

घंटा झाली. मुलं उठली, कपड्यांची माती झटकत वर्गांकडे पांगली. सर खुर्चीतच होते. भाऊंनी वळून पाहिलं तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. फाटकाच्या आत उभ्या गाडीतून नव्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्याला गाडी घेऊन शहरात जायचं होतं. भाऊ फाटक उघडायला गेले.